धुराड्याचा धूर आणि कागदावरची अट

पश्चिम रेल्वेने मुंबईहून उत्तरेकडे येताना वाणगाव मागे पडले की एक उंच धुराडे दिसू लागते. उंची सुमारे २७५ मीटर, म्हणजे नऊशे फूट. डहाणूच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या औष्णिक वीज केंद्राचे हे धुराडे. तलासरीच्या टेकडीवरून किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरावरून मोकळ्या दिवशी पाहिले, तरी नजर तिकडेच जाते. आणि पाहणारा पुष्कळदा म्हणतो, "अहो, धूर तर काही फारसा दिसत नाही. मग एवढा बोभाटा कशाचा?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की हवेत जे दिसते ते सगळेच अपायकारक नसते, आणि जे अपायकारक असते ते सगळेच दिसत नाही. कोळशाच्या वीज केंद्रातून हवेत काय काय जाते, ते अडवण्याचे उपाय काळाच्या ओघात कसे बदलत गेले आणि डहाणूत तो बदल कशामुळे घडून आला, एवढेच आज आपण पाहू. हा विषय यंत्रांचा वाटतो खरा. पण शेवटी तो माणसांच्या चिकाटीपाशी येऊन थांबतो, असे माझे मत आहे.

प्रथम थोडे गणित करू. गुरुजींनी ते वर्गात फळ्यावर मांडावे. डहाणूच्या केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, म्हणजे एकूण ५०० मेगावॅट. दोन्ही संच चोवीस तास पूर्ण शक्तीने चालले, तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. एका युनिटाला सुमारे सहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला सात हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. भरलेल्या दोन मालगाड्याच म्हणा ना! आपल्या देशी कोळशात राख फार. शेकडा तीस धरली, तर रोजची राख झाली दोन हजार शंभर टन. तिच्यातला पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेले चार हिस्से, म्हणजे सुमारे सतराशे टन, पिठासारखे बारीक होऊन धुराबरोबर वर निघतात. हीच उडती राख, म्हणजे फ्लाय अॅश.

आता गंधक. देशी कोळशात गंधक कमी, शेकडा अर्ध्याच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण सात हजार टनांचा अर्धा टक्का म्हणजे पस्तीस टन. गंधक जळताना आपल्या वजनाइतकाच प्राणवायू घेतो, म्हणून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड वायू दुप्पट, सत्तर टन भरतो. रोज सत्तर टन! त्याला काळा रंग नाही, तो धुरासारखा दिसत नाही. ठिणगीची काडी ओढल्यावर नाकात जी झणझण येते, ती ह्याच वायूची. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. कोळसा बदलला, संच कमी चालले, की ते बदलतात. पण मापाची कल्पना यावी म्हणून ते उपयोगी आहेत.

ह्या दोन शत्रूंपैकी राख पकडणे तुलनेने सोपे. जुन्या काळच्या केंद्रांत धूर गोल फिरवून जाड धूळ खाली पाडीत असत. बारीक राख मात्र सुटून जाई आणि गावाच्या छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. पुढे विजेने धूळ ओढून घेणारी यंत्रे आली. मुले कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलतात ना, तेच तत्त्व. धुरातल्या कणांना विद्युतभार द्यायचा आणि मोठमोठ्या पत्र्यांकडे त्यांना खेचायचे. पत्र्यांवर राख जमली की ठोका देऊन ती खाली पाडायची. अशी यंत्रे शेकडा नव्याण्णवाहून अधिक राख अडवतात. पण इथेही गणित विसरू नये. सतराशे टनांतली शेकडा नव्याण्णव अडली, तर सतरा टन सुटते. हजारातली नऊशे नव्याण्णव अडली, तर दोन टनांहून कमी सुटते. 'नव्याण्णव' आणि 'नव्याण्णव पूर्णांक नऊ' ह्यांतला फरक कागदावर एका टिंबाचा, पण चिकूच्या पानावर तो दहापट असतो.

पकडलेल्या राखेचेही पुढे काही करावे लागते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडली, तर उन्हाळ्यात तळे सुकते आणि वाऱ्यावर राख पुन्हा उडते. म्हणून १९९९ साली केंद्र सरकारने राखेचा उपयोग विटा, सिमेंट, रस्ते ह्यांसाठी करण्याचा नियम काढला.

गंधकाच्या वायूला मात्र पत्रे ओढून घेत नाहीत. त्याच्यासाठी जगभर पहिला उपाय निघाला तो धुराडे उंच करण्याचा. वायू उंचावर सोडला की वारा त्याला पांगवतो आणि जवळच्या गावात त्याचे प्रमाण कमी राहते. हे खोटे नाही. पण पांगवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. सत्तर टन निघाले, तर सत्तर टनच कोठेतरी उतरतात.

हा धडा इंग्लंडने शिकला आणि शेजाऱ्यांनी भोगला. लंडन शहरात १९५२ च्या डिसेंबरात पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुके ह्यांचे दाट पांघरूण पसरले. त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे चार हजार माणसे त्यात दगावली, आणि पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरगुती चुलींचा धूर हटला, वीज केंद्रे शहराबाहेर गेली, धुराडी उंच झाली, लंडन मोकळा श्वास घेऊ लागले. मात्र समुद्रापलीकडे नॉर्वे आणि स्वीडन ह्या देशांत तळ्यांतले मासे मरू लागले. धुराड्यातून निघालेला गंधक वाऱ्याबरोबर शेकडो मैल जाऊन पावसात विरघळत होता आणि आम्ल होऊन तळ्यांत पडत होता. शेवटी १९७९ साली जिनिव्हा येथे देशोदेशींच्या सरकारांना ह्यासाठी करार करावा लागला. त्याच इंग्लंडने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले कोळशावरचे अखेरचे वीज केंद्र बंद केले.

दुसरा उपाय धुण्याचा. वायू पाण्यातून, चुन्याच्या निवळीतून किंवा समुद्राच्या पाण्यातून न्यायचा आणि गंधक त्यातच अडकवायचा. हा काही कालपरवाचा शोध नव्हे. लंडनच्या बॅटरसी केंद्रात १९३० च्या दशकातच थेम्स नदीच्या पाण्याने धूर धुतला जात होता. आपल्याकडे मुंबईत टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात १९८० च्या दशकात समुद्राच्या पाण्याने गंधक धुण्याची योजना आली. हे लक्षात ठेवा, कारण डहाणूची कथा इथूनच सुरू होते.

डहाणू तालुका म्हणजे एका बाजूस समुद्र, खाडी, मासेमारी करणारी गावे. मधल्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या. पूर्वेस आणि तलासरीकडे वारली बांधवांचे पाडे, भातखाचरे आणि जंगल. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची कीर्ती त्याआधी कित्येक दशकांची. असा हा मुलूख. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा खाडीकडून ईशान्येला, म्हणजे थेट तलासरीच्या दिशेने जातो. भूगोलाच्या पुस्तकातले हे वारे धुराड्याचा वायू कोणाच्या शेतावर उतरवायचा ते ठरवतात. झाडाची पाने सूक्ष्म छिद्रांनी श्वास घेतात. हवा दमट असली की ती छिद्रे उघडी राहतात आणि गंधकाचा वायू सहज आत शिरतो. वर राखेचा थर बसला, तर पानाला ऊनही पुरते मिळत नाही. चिकूचे झाड वर्षभर हिरवे. पाने झडून नवी येतील आणि दोष निघून जाईल, अशी त्याला सवड नाही.

अशा ठिकाणी मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने कोळशाचे केंद्र उभारायचे ठरवले. मार्च १९८९ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाची मंजुरी दिली. त्या मंजुरीत एक अट होती, धुरातील गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवण्याची. इथल्या रहिवाशांचे समाधान झाले नाही. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गटाने आणि मुंबईच्या एका संस्थेने न्यायालयाचे दार ठोठावले. नर्गिस इराणी ह्यांच्यासारखे स्थानिक बागायतदार त्यात पुढे होते. उच्च न्यायालयात यश आले नाही. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची मंजुरी रद्द केली नाही. खटला हरला, असे कोणीही म्हणाले असते. पण निकालात एक गोष्ट पक्की झाली. गंधक काढण्याची अट परिणामांचा पुरता विचार केल्याशिवाय सैल करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

त्याच वर्षी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांना मर्यादा घातल्या, आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा संरक्षक पट्टा सांगितला. तलासरी तर डहाणूला लागूनच. म्हणजे ह्या गोष्टीत तलासरीकर प्रेक्षक नव्हते, भागीदार होते.

पुढे १९९५ साली केंद्र सुरू झाले. धुराडे उभे राहिले, राख पकडणारी यंत्रे बसली, वीज मुंबईला जाऊ लागली. गंधक धुण्याचे संयंत्र मात्र बसले नाही. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, आसपासच्या हवेतील प्रमाण मर्यादेत आहे, धुराडे पुरेसे उंच आहे, मग एवढा खर्च कशाला, असे कंपनीच्या बाजूचे म्हणणे. ह्या म्हणण्यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. पण अट ही अट असते. शेतकऱ्याने कर्जरोख्यावर सही केल्यावर 'यंदा पाऊस बरा आहे, आता हप्त्याची काय गरज' असे म्हटलेले बँकेला चालते का?

दरम्यान पर्यावरणाच्या कार्यात वाहून घेतलेले संपादक बिट्टू सहगल ह्यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नागपूरच्या 'नीरी' ह्या राष्ट्रीय संस्थेने तालुक्याची पाहणी करून अहवाल दिला. ऑक्टोबर १९९६ च्या निकालाप्रमाणे डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ते काम पाहिले. ह्या प्राधिकरणापुढे बागायतदार, मच्छीमार, आदिवासी कार्यकर्ते, कंपनीचे अधिकारी, सगळे येऊन बसत आणि आपापली बाजू मांडत. तालुक्याच्या माणसाला दिल्लीपर्यंत न जाता दाद मागता यावी, ही फार मोठी सोय होती.

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला की संयंत्र सहा महिन्यांत बसवा. ते बसले नाही. पुढे केंद्राची मालकी बदलली आणि ते रिलायन्सकडे गेले. मालक बदलला तरी अट बदलत नाही. मार्च २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीकडून तीनशे कोटी रुपयांची बँक हमी मागितली. मग चक्रे फिरली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये गंधक धुण्याचे संयंत्र चालू झाले. हिशेब मांडा. अट घातली १९८९ मध्ये, ती पुरी झाली २००७ मध्ये. मध्ये अठरा वर्षे गेली. केंद्र सुरू झाल्यापासून मोजले तरी बारा. त्या बारा वर्षांचा गंधक हवेत गेला तो गेलाच. परंतु ही माणसे पहिल्या निकालानंतर घरी बसली असती, तर तो अठराव्या वर्षीही अडला नसता.

हे संयंत्र चालते कसे? समुद्राचे पाणी जात्याच थोडे क्षारधर्मी असते, म्हणजे आम्ल शमवण्याची शक्ती त्यात मुळातच असते. उंच मनोऱ्यात वरून पाणी झिरपत येते, खालून धूर वर चढतो. वाटेत गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो. शेकडा नव्वदच्या आसपास गंधक अशा रीतीने अडवता येतो. मग ते पाणी मोठ्या हौदात नेऊन त्यात जोराने हवा घुसळतात, त्यामुळे गंधकाचे रूपांतर सल्फेटात होते. सल्फेट समुद्रात मुळातच विपुल असते, लिटरमागे अडीच ग्रॅमहून अधिक. आम्लता शमली, प्राणवायू पुन्हा भरला, की पाणी परत सोडायचे.

इथे मच्छीमार बंधूंनी कान टवकारावेत. हवेतला दोष पाण्यात गेला आहे, जादूने नाहीसा झालेला नाही. हौदातली हवा नीट घुसळली नाही, किंवा पाणी फार गरम असतानाच सोडले, तर त्याचा त्रास खाडीतल्या जिवांना होतो. म्हणून धुराड्याइतकेच लक्ष परत येणाऱ्या पाण्याच्या आम्लतेवर, उष्णतेवर आणि त्यातील प्राणवायूवर ठेवावे लागते.

श्रोतेहो, न्यायाने बोलायचे तर सगळे खापर एका धुराड्यावर फोडूनही चालणार नाही. चिकूच्या बागायतदारांनी उत्पन्न घटल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली. पण चिकूला बी पोखरणारी अळीही लागते, आणि फार पाऊस झाला की बुरशीने फळे गळतात. झाडाला रोग कोणता आणि हवा कोणती, हे वेगवेगळे तपासले पाहिजे. तलासरीवरून मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जातो, रात्रंदिवस मालमोटारी धावतात. उत्तरेस वापीचे कारखाने आहेत. आणि पाड्यावरच्या बंद झोपडीत ओल्या लाकडाची चूल पेटते, तेव्हा तिथली माउली जो धूर गिळते तो नऊशे फुटांवरून आलेला नसतो. हे सगळे धूर मोजायला हवेत. मात्र एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याने सुटू नये.

आता देशाकडे पाहू. नवल वाटेल, पण २०१५ पर्यंत आपल्याकडे वीज केंद्राच्या धुरात गंधकाचा वायू किती असावा ह्याला देशभर लागू असा आकडाच नव्हता. होता तो नियम फक्त धुराड्याच्या उंचीचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने प्रथमच आकडे ठरवले. डहाणूसारख्या जुन्या, ५०० मेगावॅटपेक्षा लहान संचांना दर घनमीटर धुरात गंधक वायू ६०० मिलिग्रॅम, आणि २०१७ नंतरच्या नव्या संचांना अवघा १००. दोन वर्षांची मुदत दिली. ती २०२२ पर्यंत वाढली, मग पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. अखेर ११ जुलै २०२५ रोजी नवी अधिसूचना निघाली. मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या केंद्रांना, म्हणजे देशातील सुमारे चार-पंचमांश संचांना, धुराडे ठरलेल्या उंचीचे असल्यास गंधकाच्या आकड्यातून सूट मिळाली.

सरकारची बाजू अशी की देशी कोळशात गंधक कमी, शहरांच्या हवेतील त्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेत, आणि संयंत्रांचा खर्च अखेर विजेच्या बिलात येणार. हे मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. पण दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. गंधकाचा वायू हवेत वायूच राहत नाही. दूर जाता जाता त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, आणि ते फुप्फुसांत खोल शिरतात. ते कण मोजताना कोणी 'हा अमुक धुराड्याचा' अशी चिठ्ठी लावून ठेवीत नाही. नॉर्वेच्या तळ्यांनी जे सांगितले तेच हे.

म्हणून डहाणूचे महत्त्व. जो उपाय देशाच्या बहुतेक केंद्रांनी लांबणीवर टाकला, तो इथे २००७ पासून उभा आहे. आज हे केंद्र अदानी समूहाकडे आहे, म्हणजे मालकी दुसऱ्यांदा बदलली. २०२५ ची सूट देशासाठी निघाली. डहाणूची अट मात्र १९८९ च्या मंजुरीतली आहे आणि तिच्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा शब्द आहे. ती कोणाच्या विस्मरणाने सैल होता कामा नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २००९ च्या हवेच्या मानकांत गंधक वायूची वार्षिक मर्यादा सर्वसाधारण भागासाठी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, तर केंद्राने जाहीर केलेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी २०. डहाणूसारख्या नाजूक मुलखाचा विचार पन्नासाच्या मापाने करून भागणार नाही.

मग आपण काय करावे? शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या आवारात एक फडकी लावा आणि वाऱ्याची दिशा सकाळ-संध्याकाळ मुलांकडून लिहून घ्या. महिन्यातून एकदा त्याच झाडाची दहा पाने तोडून ती स्वच्छ पाण्यात धुवा आणि ते पाणी पांढऱ्या गाळणकागदातून गाळा. कागद वाळवून तारीख घालून वहीत चिकटवा. वर्षभरात बारा कागद होतील. पहिल्या वर्षी त्यांचा अर्थ लागणार नाही. पाचव्या वर्षी लागेल. ह्या राखेतली कोणती धुराड्याची, कोणती रस्त्याची, हे त्यावरून ठरत नाही हेही मुलांना सांगा. पण नोंद ठेवण्याची सवय ह्याच वयात लागते.

गावकऱ्यांनो, कोणत्याही केंद्राला मंजुरी मिळते ती अटींसह मिळते, आणि त्या अटी किती पाळल्या ह्याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो अहवाल मागावा. ग्रामसभेत मराठीतून वाचून घ्यावा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे इथल्या ग्रामसभेचा आवाज कायद्याने मोलाचा मानला आहे. जनसुनावणी असेल तेव्हा जावे, आणि बोलावे ते आकड्याला धरून बोलावे. रागाने मांडलेली तक्रार दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तारखेसह मांडलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

भातखाचराचा बांध एकदा घातला म्हणून कोणी निर्धास्त झोपत नाही. खेकडे भोके पाडतात, पाऊस खचवतो, म्हणून दर आषाढात कुदळ घेऊन जावे लागते. कागदावरच्या अटीचेही तसेच आहे. डहाणूच्या माणसांनी अठरा वर्षे तो बांध राखला. आता तो राखण्याची पाळी आपली आहे. पुढचा अहवाल निघेल तेव्हा तो वाचायला गावातून निदान एक माणूस तयार असावा, एवढीच विनंती.